मान डोलावली, एवढंच

वझेबाईंनी सकाळी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि समोर गुडघे आले.

दोन गुलाबी, गुळगुळीत, तेल चोपडलेले गुडघे. त्यांच्यामागे दात दाखवत हसणारा एक गृहस्थ आणि त्याच्या डोक्यावर सोनेरी अक्षरं : ‘शुभ सकाळ. आज आपले गुडघे काय म्हणतात?’

“अक्का, परत आले,” वझेबाई म्हणाल्या.

“कोण?” स्वयंपाकघरातून थोरल्या जाऊबाईंनी विचारलं.

“गुडघे.”

“काल घालवले होतेस ना?”

“घालवले होते.”

“गंमतच आहे. माझे खरोखरचे दुखतात, त्यांना कोणी शुभ सकाळ म्हणत नाही.”

वझेबाई हसल्या नाहीत. कारण गुडघ्यांच्या जागी ऋजुता असायला हवी होती.

ऋजुता त्यांची एकुलती एक लेक. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला माशांच्या लशींवर काम करायची. ती गेली तेव्हाच माय-लेकींनी एक पान बनवून घेतलं होतं, दोघींचंच. सकाळी चष्मा लावला, ब्राउझर उघडला, की पहिलं तेच पान समोर यायचं. डाव्या बाजूला ऋजुतानं टाकलेलं काहीतरी असायचं. खिडकीतला बर्फ, करपलेलं थालीपीठ, नाहीतर एखादं वाक्य. उजवीकडे वझेबाई दोन ओळी लिहायच्या. कीर्तनात पहिलं नमन कोणाला हे जसं ठरलेलं, तसं वझेबाईंच्या दिवसाचं नमन या पानाला. त्यानंतर चहा, त्यानंतर देवपूजा. देवाचा नंबर तिसरा लागतो म्हणून अक्का चिडवायच्या, पण देवाची तक्रार नव्हती, असा वझेबाईंचा विश्वास होता.

पाडव्याला पेठेतल्या राममंदिरात उत्सव बसला आणि तेव्हापासून हे नमन भलत्यालाच जाऊ लागलं. कधी गुडघे, कधी लॉटरी, कधी स्वर्गात जागा राखून ठेवणारी कुठलीशी संस्था. ऋजुताचं पान शोधून उघडावं लागे. आणि उघडल्यावर तिथे काय, तर ‘ठीक’. ‘कामात आहे’. समुद्राचा एक करडा फोटो, त्याखाली काहीच नाही. मुलगी कशानं तरी दुखावली होती. विचारलं तर लिहायची, ‘छे, काही नाही गं.’ आईला ‘काही नाही’ वाचता येतं.

*

चष्मा म्हणजे जुन्या मोबाइलचा नातू. भिंगाच्या आतल्या अंगावर केसाहून बारीक प्रकाशाची रेघ अक्षरं काढायची आणि ती हातभर अंतरावर तरंगल्यासारखी दिसायची. काड्या कानामागच्या हाडाला टेकलेल्या असायच्या, आवाज हाडातून थेट आतल्या कानात जायचा. वझेबाईंना गेली काही वर्षं कमी ऐकू येत होतं, त्यामुळे चष्मा काढला की जग पुटपुटायला लागे. कीर्तनाला तर तो हवाच.

आतला ब्राउझर मात्र वंशपरंपरेनं आलेला होता आणि त्याच्या खोडीही वंशपरंपरेच्याच. उघडल्यावर पहिलं पान कुठलं, त्याला कुठली एक्स्टेन्शन्स जोडलेली, कोणाला काय करायची परवानगी, सगळं सेटिंगमध्ये. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरच्या घरात राहायला आलेला पाहुणा. कोणी भाषांतर करून देतो, कोणी अक्षर मोठं करून दाखवतो. एखादा मात्र हळूच दारावरची पाटी बदलतो.

वझेबाईंनी मुलींच्या शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं. बिघाड शोधायचा म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांनी शेकडो मुलींना घोकून घेतलं होतं. त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि गुडघेवाल्याचं एक्स्टेन्शन काढलं. ब्राउझर बंद केला, उघडला. गुडघे हजर.

“खात्यात ठेवलेली प्रत परत येत असणार,” त्या स्वतःशीच बोलल्या. “इथून काढलं की वरून परत उतरतं.” मग खात्याशी जुळवून घेणं बंद केलं, पुन्हा काढलं, पहिलं पान स्वतः हातानं लिहिलं. ब्राउझर उघडला. ऋजुताचा करडा समुद्र समोर आला.

“गेले,” त्या म्हणाल्या.

“आता पन्हं गाळून दे,” अक्का म्हणाल्या. “आणि तिथी सांग. चतुर्थी लागली का?”

वझेबाईंनी चष्म्याला विचारलं. अक्कांसाठीच त्यांनी ‘आजचं पंचांग’ नावाचं एक्स्टेन्शन घेऊन ठेवलं होतं. चतुर्थी लागली होती.

त्या दिवशी घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, म्हणून कीर्तन चुकलं. दुसऱ्या सकाळी पान जागच्या जागी होतं. वझेबाई खूश. त्या संध्याकाळी त्या कीर्तनाला गेल्या, कान भरून आणि मन भरून परत आल्या, सकाळी चष्मा लावला. गुडघे.

“तुझ्या देवळातच काहीतरी आहे,” अक्का म्हणाल्या. “घरी राहिलीस की बरं, गेलीस की बाधलं.”

“देवळाचं वायफाय,” वझेबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. कारण सापडल्याचा आनंद त्यांना जेवणाइतका प्रिय होता.

देवळाचे विश्वस्त दाजीकाका बेडेकर मात्र दुखावले. “बाई, रामाच्या देवळातून गुडघे कसे येतील?”

“देवळातून नाही हो, तारेतून.”

“ती तारही मीच बसवून घेतलीय.”

त्या संध्याकाळी वझेबाई चष्म्याचं वायफाय बंद करून बसल्या. दुसऱ्या सकाळी गुडघे पूर्वीपेक्षा जास्त तुकतुकीत होते. दाजीकाकांना सॉरी म्हणायला जाणं आलं. तेही त्यांनी केलं, वर कैरीची डाळ नेली.

*

उत्सवाला कीर्तनकार होते चिंतामणबुवा तासगावकर. वय झालेलं, आवाज अजून तुपात घोळलेला. पूर्वरंगात एखादा विचार असा उलगडायचे की पैठणीची घडी उघडावी आणि आख्यानाला लागले की मंडपातली पोरंसुद्धा चुळबुळ विसरायची. पेटी, तबला, झांजा सगळं साधं, जिवंत. बुवांनी स्वतः चष्मा घेतला नव्हता. “मला समोरची तोंडं वाचायची असतात, मध्ये काच नको,” म्हणायचे.

वझेबाईंची जागा ठरलेली, उजवीकडच्या खांबाशी. आणि पद्धतही ठरलेली. बुवांनी पहिला सूर लावला की डोळे मिटायचे. मग जे काही व्हायचं ते आत. पद रंगलं की मान आपोआप डोलायची. ती कुणाला दाखवायला नसे, जात्याबरोबर जसं अंग हलतं तशी ती हलायची. कीर्तनाला डोळे उघडे ठेवून बसणं म्हणजे पंगतीत बसून वाढप्याकडे बघत राहणं, असं त्यांचं मत होतं.

पण नवमी दोन दिवसांवर आली तरी चष्मा सुधारेना आणि ऋजुताचं ‘ठीक’ काही हटेना. तेव्हा वझेबाईंनी ठरवलं, आज डोळे उघडे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

बुवांनी नमन केलं. काही झालं नाही. पूर्वरंगाचं पद सुरू झालं, विलंबित, मग लय वाढली. वझेबाईंची मान डोलायला लागली. आणि समोर, बुवांच्या उपरण्याच्या अगदी वर, हवेत एक चौकट उमटली.

‘हे पान सुरुवातीचं पान करू?’

वझेबाई वाचतायत तोवर तबल्यानं सम गाठली. मान सवयीनं खाली आली. चौकट हिरवी झाली आणि विरघळली.

 पुढचं आवर्तन. दुसरी चौकट. ‘आपल्या वतीनं सूचना वाचायला परवानगी?’ त्यांनी मान ताठ धरली, लाकडासारखी. चौकट थांबून राहिली. घाई नव्हती तिला. पुढच्या समेची वाट बघत बसली.

वझेबाईंना सगळं एकदम दिसलं. काही वर्षांपूर्वी नियम झाला होता की विचारल्याशिवाय कुठल्याही एक्स्टेन्शननं काही बदलायचं नाही. आणि ज्यांचे हात थरथरतात त्यांच्या सोयीसाठी मान हलवलेली ‘हो’ म्हणून धरायची. चष्म्याच्या काडीत तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक होता, तो डोकं किती झुकलं ते मोजायचा. नियम चांगला, सोयही चांगली. फक्त कोणीतरी लबाडानं त्यातली फट हेरली होती. डोलणारं डोकं म्हणजे उलटा धरलेला लंबकच. त्याचे चार-पाच झोके मोजले की पुढचा कधी खाली येणार हे आठवीतली मुलगीही सांगेल. प्रश्न त्याच्या क्षणभर आधी पुढे करायचा. मान गाण्याला दाद देते, चष्मा ती होकार म्हणून नोंदवतो. आणि ज्याची मान डोलते त्याचे डोळे मिटलेले.

सगळ्या जगात असा मासा गळाला लागायला कीर्तनाच्या मंडपाहून चांगलं तळं कुठलं?

त्यांनी मंडपभर नजर फिरवली. पिकलेली डोकी, मिटलेले डोळे, आणि निम्म्याहून अधिक नाकांवर चष्मे. समेवर शंभर माना एकदम खाली आल्या. वझेबाईंना अशातही थोडं हसू आलं.

पूर्वरंग संपला. बुवांना हार घालून बुक्का लावायला मंडळी पुढे झाली, तेव्हा बुवा खांबाकडे बघून म्हणाले, “वझेबाई, आज मान आखडली का? तुमची मान हलली नाही की मला वाटतं तबला चुकला.”

“मान ठीक आहे, बुवा. होकार फार झाले.”

“म्हणजे?”

“उद्या सांगते. आज आख्यान होऊ द्या.”

*

घरी येऊन त्या चष्मा घेऊन बसल्या. आता काय शोधायचं ते कळलं होतं. मानेचा झोका मोजायची परवानगी कोणाकोणाला आहे? एकालाच होती. ‘आजचं पंचांग’.

“अहो अक्का, तुमची चतुर्थी.”

“माझी काय चतुर्थी?”

“पंचांगवाल्यानं आपलं एक्स्टेन्शन पाडव्याच्या आसपास दुसऱ्या कुणाला विकलं. तपशिलात लिहिलंय, नाव तेच, मालक नवा. तो घरात आला आणि मागून सगळ्यांना हाका मारून बोलावतोय. मी गुडघेवाल्याला हाकलत होते आणि दार आतून पंचांग उघडत होतं.”

“तिथीवाल्यांवरसुद्धा विश्वास ठेवायची सोय राहिली नाही,” अक्का म्हणाल्या. “भिंतीवरचं कॅलेंडर काय वाईट होतं?”

वझेबाईंनी पंचांग काढलं. त्याच्या हाकेनं आलेले सगळे काढले. त्यात एकाचं नाव होतं ‘जलद उत्तर’. त्याचं काम एका ओळीत लिहिलं होतं : आलेल्या प्रश्नांना आपल्या वतीनं, आपल्या होकारानं, झटपट उत्तर.

ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग त्यांनी माय-लेकींचं पान उघडलं. उत्तर देऊन झालेले प्रश्न ते पान मिटवून तळाशी ठेवायचं, म्हणून इतके दिवस तिकडे बघायचं कारण पडलं नव्हतं. तळाशी एक मिटलेली पट्टी होती. ती उलगडली.

डावीकडे ऋजुता : ‘आई, इथे मला कायमची जागा देतायत. आपल्या मिरजेच्या कॉलेजचंही पत्र आलंय. नवमीपर्यंत कळवायचंय. घेऊ का इथली?’

उजवीकडे वझेबाई : ‘हो.’

 अक्का खुर्ची ओढून शेजारी बसल्या. त्यांना ते तरंगणारं काही दिसत नव्हतं, म्हणून वझेबाईंनी वाचून दाखवलं.

“मग?” अक्कांनी विचारलं. “तू हे म्हणाली नव्हतीस?”

“मी तेव्हा कीर्तनात होते.”

“आणि विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

वझेबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. जग पुटपुटायला लागलं. अक्कांनी आवाज चढवला. “काय म्हणाली असतीस?”

“‘हो’च म्हणाले असते.”

“मग झालं तर. तुझं काम रामानं केलं.”

“रामानं नाही, पंचांगानं.”

“अगं, पण उत्तर तेच ना? तू कध्धी तिला ‘ये’ म्हणणार नाहीस. मला माहितीये. तिच्या पायात बेडी नको म्हणून दातावर दात धरून बसशील. आता आयतं झालंय. मुलगी तिकडे राहील, नाव काढील. उगाच उकरू नकोस.”

अक्कांचं म्हणणं खोटं नव्हतं. वझेबाईंनी हेच उत्तर मनात कधीपासून घडी करून ठेवलं होतं. पण त्यांना तो करडा समुद्र आठवला, खाली काही न लिहिलेला.

“अक्का, मी ‘हो’ म्हणाले असते, पण त्याच्या आधी दोन दिवस जेवले नसते. तिला ते दिसलं असतं. तिनं मला विचारलं होतं. आणि उत्तर माझ्या मानेनं दिलं.”

अक्का उठल्या. “लाव फोन,” म्हणाल्या. “आणि मोठ्यानं बोल. मलाही ऐकायचंय.”

*

वझेबाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि अक्कांनाही ऐकू यावं म्हणून आवाज बाहेर सोडला. ऋजुता प्रयोगशाळेतून घरी आलेली होती. आईनं सगळं सांगितलं, गुडघ्यांपासून समेपर्यंत. पलीकडून खुसखुसणं ऐकू आलं, मग ते थांबलं.

“म्हणजे तो ‘हो’ तुझा नव्हता?”

“नव्हता गं.”

“आई, मी प्रश्न टाकला आणि चहाचं आधण ठेवायला वळले. वळून बघते तर उत्तर आलेलं. एक अक्षर. मला वाटलं, हिनं विचारसुद्धा केला नाही. हिला मी तिकडे नकोच आहे. अक्काकाकूंचं आणि हिचं छान चाललंय.”

“आमचं छान चाललंय,” अक्का मागून म्हणाल्या, “पण तू असलीस की हिची बडबड वाटून घेता येते.”

“मग आता परत विचारते,” ऋजुता म्हणाली. “घेऊ का इथली जागा?”

वझेबाईंनी घडी केलेलं उत्तर उघडलं. ते नीटनेटकं होतं, इस्त्री केलेलं. त्यांनी ते तसंच बाजूला ठेवलं.

“मला तू इथे हवी आहेस,” त्या म्हणाल्या. “हे मी कधी म्हणाले नाही, म्हणणारही नव्हते. आता तुला माहीत असू दे. पण ते माझं हवेपण आहे, आज्ञा नाही. तुझं काम तुला ठाऊक. तू तिथे राहिलीस तर मी रुसणार नाही, तिकडे येऊन तुझी थालीपिठं करपवीन. तू तुझं बघून ठरव.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज हाडातून थेट आत आला.

“बरं,” ऋजुता म्हणाली. पण हे ‘बरं’ त्या ‘ठीक’सारखं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी कीर्तनाच्या आधी वझेबाईंनी मंडपात टेबल मांडलं. दाजीकाकांनी स्वतः खुर्ची आणून दिली. निम्म्या मंडपाच्या चष्म्यांत तेच पंचांग होतं. कुणाच्या पहिल्या पानावर गुडघे, कुणाच्या पानावर टक्कल. एका आजोबांनी डोलता डोलता तीन वधू-वर मंडळांत नाव नोंदवलं होतं आणि त्यांच्या पत्नी शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“मला काय माहीत, बाई?” आजोबा म्हणत होते. “मी तर पदात रंगलो होतो.”

“रंगा, पण डोळे उघडून रंगा,” पत्नी म्हणाल्या.

पंचांग काढणं सोपं होतं. पण मानेचा होकारही बंद करायला हवा होता आणि त्याच्या जागी दुसरी खूण नेमायला हवी होती. सेटिंगनं पर्याय पुढे केले. टाळी? कीर्तनात टाळ्या वाजतात. डोळे मिटणं? तेच तर चाललं होतं. तोंडानं ‘हो’? बुवा दर पाच मिनिटांनी मंडपाला विचारतात, खरं की नाही, आणि मंडप गरजतो, हो.

“कीर्तनात माणूस काय करत नाही?” वझेबाईंनी विचार करत म्हटलं.

“जांभई,” दाजीकाका म्हणाले.

“तुम्ही देता,” अक्का म्हणाल्या. त्या गुडघे सांभाळत आज मुद्दाम आल्या होत्या. “कान धरा. कीर्तनात कान कोण धरतंय?”

“गणपतीपुढे धरतात की,” दाजीकाका म्हणाले.

“हा राम आहे.”

असं ठरलं. उजव्या कानाची पाळी धरली तरच होकार. वझेबाई एकेकाचा चष्मा लावून बघत होत्या, समोरचा माणूस शहाण्या मुलासारखा कान धरून उभा राहत होता. बुवा हातपाय धुऊन आले आणि हे दृश्य बघत थांबले.

“सगळ्यांचे अपराध कबूल झालेत का?” त्यांनी विचारलं. “मग मी सुरुवात करतो.”

त्या दिवशी बुवांनी आख्यानात एका भोळ्या द्वारपाळाची कथा घेतली. कुणालाच नाही म्हणवत नाही म्हणून तो जो येईल त्याला आत घ्यायचा. गाभारा भरला, मंडप भरला, आणि एके दिवशी स्वतः देव फेरफटका मारून परत आले तर आत पाय ठेवायला जागा नाही. देव उंबऱ्याशी बसून राहिले आणि द्वारपाळाला म्हणाले, तुझ्या मनाचा मोठेपणा मला कळतो रे, पण मला निदान ओळखून तरी आत घेत जा. मंडप हसला, डोळेही पुसले. ही कथा कुठल्या पोथीत आहे असं दाजीकाकांनी नंतर विचारलं, तेव्हा बुवा म्हणाले, “आज सकाळपासून माझ्या पोथीत आहे.”

*

नवमीला भर दुपारी जन्माचं कीर्तन रंगलं. पाळणा फुलांनी झाकलेला, सुंठवड्याचा वास, गुलालाची ताटं तयार. बुवांचा आवाज चढत गेला. वझेबाईंनी खांबाला पाठ टेकली, डोळे मिटले, आणि मान सोडून दिली. ती डोलली. लहान मुलाला झुल्यावर मोकळं सोडावं तशी डोलली. कोणीही काही विचारलं नाही. पाळणा हलला, फुलं उडाली, आणि त्या सगळ्यात ती मान फक्त दाद देत होती, दुसरं काही नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी चष्मा चढवला.

पहिलं पान जागच्या जागी होतं. डावीकडे ऋजुताची खिडकी, काचेवरचा बर्फ वितळलेला, आत कुंडीत काहीतरी हिरवं. खाली लिहिलं होतं : ‘इथल्या मंडळींना काल ‘नको’ म्हणून कळवलं. लशी मिरजेतूनही बनवता येतात, मासे तेवढे मागवावे लागतील. हे मी माझं बघून ठरवलंय, तुझ्यासाठी नाही, तेव्हा भाव खाऊ नकोस. ऑगस्टचं तिकीट काढतेय. परतीचंही काढून ठेवू का?’

वझेबाई वाचत राहिल्या. मग पुन्हा वाचलं. मग त्यांची मान जोरजोरात डावी-उजवीकडे हलायला लागली.

चष्म्यानं त्याची दखल घेतली नाही. ऑगस्ट, तिकीट, प्रश्न, सगळं शांतपणे हवेत तरंगत राहिलं.

“एकटीच काय मान हलवतेस?” चहा घेऊन आलेल्या अक्कांनी विचारलं. “परत गुडघे?”

“नाही,” वझेबाई म्हणाल्या आणि फोन लावला. उत्तर त्यांना तोंडानं द्यायचं होतं.